बीचचं पाणी कसं तपासायचं, आणि घाण कुठून येते ते कसं शोधायचं

समुद्राचं पाणी नुसतं बघून स्वच्छ की घाण ते कळत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. गढूळ मातकट पाणी कधीकधी पोहायला एकदम ठीक असतं कारण तो गढूळपणा लाटांनी ढवळलेल्या वाळूचा असतो, आणि काचेसारख्या नितळ पाण्यात रात्रभर कुठल्यातरी फुटक्या ड्रेनेजमधून मैला येऊन मिसळलेला असतो, पातळ झाल्यामुळे ना वास येतो ना रंग दिसतो. पोटात गेलं की मग एकदोन दिवसांनी कळतं आणि तेव्हा माणूस दोष देतो बाहेर खाल्लेल्या जेवणाला.

मी या कामात पडले ते माझ्या भाचीमुळे. बीचवर एक छोटा ओहोळ वाळूतून वाहत समुद्राला मिळत होता, पाणी घोट्याएवढं, कोमट, लाटा नाहीत, त्यामुळे लहान मुलांना आईबाप नेमकं तिथेच सोडतात, बुडायची भीती नाही ना. ती दोन तास त्याच पाण्यात बसून किल्ले बांधत होती, मधेच हात तोंडात. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून उलट्या, जुलाब, ताप, सलाइन लावावं लागलं. ती त्याच पाण्याने आजारी पडली हे मी सिद्ध करू शकत नाही, पण ती बरी झाल्यावर मी परत तिथे गेले आणि ओहोळाच्या कडेने वरच्या बाजूला चालत गेले तर तो वाळूच्या मागे एका सिमेंटच्या पाइपातून येत होता, आणि पाऊस तर कित्येक आठवडे पडलेला नव्हता. मग ते पाणी होतं कुणाचं?

पुढचं सगळं या एका प्रश्नाबद्दल आहे. पाणी तपासून आकडा वहीत लिहिला की काम झालं असं बऱ्याच ग्रुपना वाटतं, आमच्या ग्रुपलाही पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं. पण आकडा हा फक्त माग आहे, तो धरून पाइपापर्यंत जायचं आणि पाइपातून वर चढत शेवटी एखाद्या संडासापर्यंत पोचायचं, आणि तो संडास नीट करायचा. नाहीतर वीस वर्षं तोच वाईट आकडा लिहीत बसाल.

बाटली नंतर, आधी पायी फिरा

ओहोटीच्या वेळी, शक्यतो पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, बीचच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. भरतीत पाण्याखाली जाणारी पाइपांची तोंडं तेव्हाच दिसतात. प्रत्येक पाइप, नाला, ओहोळ, खडकातून झिरपणारी ओल, सगळ्याचा फोटो आणि फोनमधलं लोकेशन घ्या. मग दुसरी फेरी वाळूच्या मागच्या बाजूने मारा: संडास कुठे आहेत, त्यांच्या टाक्या कुठे, जेवणाच्या जागांचं भांड्यांचं पाणी कुठे जातं, गाड्या कुठे धुतात, कुत्री-पक्षी कुठे जमतात, बोटी कुठे नांगरतात. हे नुसतं निरीक्षण फार मोलाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोहण्याच्या पाण्याच्या नियमावलीत बीचची प्रतवारी ठरवताना जंतूंच्या आकड्याबरोबर ही पाहणी जोडून घ्यायला सांगितलंय, नुसत्या आकड्यावर बीच चांगला की वाईट ठरवायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे कोरड्या दिवसात करा. पावसाळी पाण्याच्या नाल्यात पाऊस नसताना पाणी वाहतंय याचा अर्थ ते कुणीतरी सोडतंय. कधी झरा असतो, कधी फुटकी नळाची लाइन असते, पण बऱ्याचदा ते सांडपाणी असतं. त्या पाइपासमोर नकाशावर लाल खूण करा.

काय मोजायचं

पाण्यातले रोगजंतू थेट शोधायचे म्हटलं तर ते शेकडो प्रकारचे, थोडे थोडे, आणि प्रत्येकाची टेस्ट वेगळी आणि महाग, म्हणून माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात नेहमी असणारे बॅक्टेरिया मोजतात, ते सापडले की विष्ठा आलीय हे कळतं. गोड्या पाण्यात ई. कोलाय चालतो, पण खारट पाण्यात तो लवकर मरतो, म्हणून समुद्रासाठी एन्टेरोकॉकस मोजा, तो मिठाला जास्त टिकतो आणि समुद्रात पोहणाऱ्यांच्या आजारपणाशी त्याचा संबंध जास्त नीट लागलाय.

तुलनेला आकडे हवेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१२ च्या शिफारशीत १०० मिलिलिटर पाण्यात एन्टेरोकॉकसची भूमितीय सरासरी (ती कशी काढायची ते पुढे सांगितलंय) ३५ च्या वर नको, आणि १३० च्या वर जाणारी सॅम्पल दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. युरोपियन युनियनच्या २००६ च्या नियमात समुद्राचं पाणी ‘उत्तम’ ठरायला ९५ टक्के पातळीचा आकडा, म्हणजे शंभरातली ९५ सॅम्पल ज्याच्या आत बसतात तो, १०० च्या आत लागतो आणि ‘चांगलं’ ठरायला २०० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली ४०, २०० आणि ५०० असे टप्पे दिले, ५०० च्या वर म्हणजे सगळ्यात खालचा गट. या तिन्हीत हिशोबाची पद्धत वेगळी आहे त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या नियमाला लावू नका. तुमच्या देशाचा नियम असेल तर तोच आधी धरा, कारण उद्या तक्रार घेऊन जाल तेव्हा समोरचा तोच विचारणार.

आणि एक विनंती, घरी पाण्यात बुडवायच्या रंगीत कागदी पट्ट्यांवर यासाठी अजिबात विसंबू नका. त्या नायट्रेट, पीएच वगैरे सांगतात. पाण्यात मैला आहे की नाही हे त्यांना कळत नाही, आणि ‘पट्टी हिरवी आली म्हणजे सेफ’ असा फोटो टाकला की लोक मुलांना घेऊन पाण्यात उतरतात.

सॅम्पल घ्यायची पद्धत

जागा आधी ठरवून टाका आणि मग त्या बदलायच्या नाहीत. एक जिथे सगळ्यात जास्त लोक पाण्यात उतरतात ती, एक प्रत्येक संशयी ओहोळ जिथे समुद्राला मिळतो तिथे, आणि एक लांब जिथे काहीच येऊन मिळत नाही अशी, तुलनेसाठी. ‘मोठ्या झाडासमोर’ असं लिहू नका, फोनचं लोकेशन आणि एखादी न हलणारी खूण दोन्ही लिहा, कारण पुढच्या वर्षी सॅम्पल घेणारा माणूस दुसराच असतो.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. सूर्यप्रकाशाने वरच्या पाण्यातले बॅक्टेरिया मरतात, त्यामुळे त्याच जागी सकाळी सहाला आणि दुपारी दोनला घेतलेल्या सॅम्पलमध्ये खूप फरक पडू शकतो. दुपारी सॅम्पल घेऊन ‘आमचा बीच स्वच्छ’ म्हणणारे मी पाहिलेत आणि मला ते पटत नाही, मुलं सकाळी पण पोहतात. भरती-ओहोटीची स्थितीही दरवेळी लिहा, खाडीचं किंवा नाल्याचं पाणी ओहोटीबरोबर बाहेर पडतं त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ओहोटीला आकडा जास्त येतो.

गर्दीच्या सीझनमध्ये आठवड्यातून एकदा घ्या, तेही वार ठरवून. पाणी बरं दिसलं म्हणून त्या दिवशी घेतलं असं होता कामा नये. मोठा पाऊस झाला की जास्तीचं सॅम्पल जरूर घ्या पण त्याच्यावर ‘पावसानंतरचं’ असं वेगळं लिहा आणि नेहमीच्या सरासरीत मिसळू नका, नाहीतर सगळा हिशोब बिघडतो.

आता प्रत्यक्ष कृती. लॅबकडूनच निर्जंतुक बाटली घ्या, किमान २५० मिलिलिटरची असलेली बरी. पाण्यात उतरायच्या आधी कोरड्या हाताने तिच्यावर जागा, तारीख, वेळ लिहा, ओल्या बाटलीवर काही लिहिलं जात नाही. हातमोजे घाला. साधारण कमरेएवढ्या पाण्यापर्यंत जा, युरोपच्या नियमात जिथे खोली किमान एक मीटर आहे तिथे पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवर घ्यायला सांगतात, तेवढं जमलं तर उत्तम. आत जाताना पायाने वाळू ढवळली जाते, आणि हे फार लोकांना माहीत नसतं की ओल्या वाळूत एन्टेरोकॉकस भरपूर राहतात, कधी पाण्यापेक्षाही जास्त, म्हणून थोडं थांबा, ढवळलेलं निवळू द्या आणि पाणी ज्या दिशेने येतंय तिकडे तोंड करून उभे राहा. झाकण तिथेच काढा, झाकणाच्या आतल्या बाजूला आणि बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका. बाटली उपडी धरून पाण्यात खाली न्या, मग आडवी करून अंगापासून लांब अशी फिरवून भरा. वरती दोनतीन सेंटिमीटर जागा रिकामी ठेवा, लॅबवाल्यांना ती हलवून मिसळायची असते. बाटली आधी समुद्राच्या पाण्याने खळबळून घेऊ नका, सवयीने सगळे तेच करतात.

लगेच बर्फाच्या डब्यात, उजेड लागणार नाही असं. बर्फ पिशवीत बांधलेला हवा, वितळलेलं पाणी झाकणातून आत गेलं तर सॅम्पल वाया. गोठू द्यायचं नाही, चार अंशाच्या आसपास राहिलं की बास. लॅबला सहा तासांत पोचवायचा प्रयत्न करा, युरोपात जास्तीत जास्त २४ तास चालतात पण जितका उशीर तितका आकड्यावरचा भरवसा कमी. दहा सॅम्पलमागे एका जागी दोन बाटल्या भरा, आणि एक बाटली निर्जंतुक पाण्याने बीचवरच भरून तीही पाठवा, त्या बाटलीत बॅक्टेरिया निघाले तर चूक तुमच्या हाताळणीत आहे.

एकटं कधीच जाऊ नका. एक जण पाण्यात, एक जण काठावर वही घेऊन. पायाला जखम असेल तर उतरू नका, कोमट निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे बॅक्टेरिया असतात आणि ते उघड्या जखमेतून शिरले तर प्रकरण फार गंभीर होतं.

काठावरच्या माणसाने वहीत लिहायचं: गेल्या तीन दिवसांचा पाऊस, वारा, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान, किती माणसं, किती कुत्री, किती पक्षी, वास, फेस, तेलाचा तवंग. जमलं तर खारेपणा मोजायचं साधं यंत्र घ्या. उघड्या समुद्राचा खारेपणा साधारण हजारी ३५ असतो, कोरड्या दिवसात एखाद्याच जागी तो खाली घसरला तर तिथे कुठूनतरी गोडं पाणी येतंय, मग तिथे पाइप दिसो न दिसो. आमच्या इथे वाळूखाली पुरलेला एक जुना पाइप असाच सापडला, वर काहीच दिसत नव्हतं.

लॅब निवडताना विचारा की तुम्ही समुद्राच्या पाण्याचं एन्टेरोकॉकस करता का, कारण बऱ्याच लॅब फक्त पिण्याचं पाणी करतात. दोन पद्धती जास्त चालतात. एकात पाणी बारीक छिद्रांच्या कागदातून गाळून तो कागद खाद्य घातलेल्या प्लेटवर ठेवतात आणि वाढलेल्या वसाहती मोजतात. दुसऱ्यात पाण्यात पावडर टाकून खळग्यांच्या ट्रेमध्ये ओततात, ४१ अंशाला २४ तास ठेवतात आणि अतिनील दिव्याखाली किती खळगे चमकतात ते मोजतात. ही दुसरी छोट्या ग्रुपला थोड्या ट्रेनिंगने स्वतःला जमते, फक्त समुद्राचं पाणी दहापट पातळ करून घ्यावं लागतं आणि उत्तराला दहाने गुणायचं हे विसरू नका.

आकडा आला, पुढे काय

साधी सरासरी काढू नका. समजा पाच आठवड्यांचे आकडे १०, २०, १५, ३० आणि ९०० आले. साधी सरासरी १९५ येते, एका वाईट दिवसाने सगळं झाकून टाकलं. भूमितीय सरासरी म्हणजे पाचही गुणून पाचवं मूळ, ते येतं साधारण ३८, ३५ च्या जरासं वर. पण म्हणून ९०० विसरायचा नाही, पाचात एक म्हणजे वीस टक्के वेळा १३० च्या वर गेलात आणि तो निकष तुम्ही साफ नापास झालात. त्या ९०० च्या दिवशी काय झालं होतं ते वहीत बघा. पाऊस? सलग सुट्ट्या? वीज जाऊन मैल्याचा पंप बंद पडला होता?

दुसरी अडचण म्हणजे रिझल्ट नेहमी कालचा असतो. सकाळी सॅम्पल घेतलं, २४ तास लॅबमध्ये गेले, हातात आकडा येईपर्यंत लोक कालपासून त्याच पाण्यात आहेत. डीएनए मोजायच्या नव्या पद्धती काही तासांत उत्तर देतात, अमेरिकेतल्या सॅन डिएगो काउंटीने २०२२ पासून बीचसाठी तशी पद्धत वापरायला सुरुवात केली, पण यंत्रं महाग आहेत. ते परवडत नसेल तर स्वतःच्या वहीतून नियम काढा. एकदोन सीझनची नोंद झाली की दिसायला लागतं की अमुक इतका पाऊस झाला की आकडा चढतो आणि उतरायला इतके दिवस लागतात. मग रिझल्टची वाट न बघता पाऊस पडल्या पडल्याच बोर्ड लावायचा. तुमच्याकडे अजून नोंद नसेल तर कॅलिफोर्नियात पावसानंतर ७२ तास पाण्यात जाऊ नका असं सांगतात, तेवढं धरून चाला. आणि नाल्याच्या तोंडापासून तर नेहमीच लांब राहायचं. १९९५ च्या उन्हाळ्यात तिथल्याच सांता मोनिका उपसागराच्या बीचवर हजारो पोहणाऱ्यांना नंतर फोन करून तब्येत विचारली होती, तेव्हा नाल्याच्या तोंडाशी पोहलेले लोक ४०० यार्ड म्हणजे साधारण ३६५ मीटर लांब पोहलेल्यांपेक्षा जास्त आजारी पडल्याचं निघालं.

बोर्ड म्हणजे बीचवर, पाण्यात उतरायच्या वाटेवर, मोठ्या अक्षरात, चित्रासकट. वेबसाइटवर टाकलेली पीडीएफ कुणी वाचत नाही. आकडा, तारीख आणि ‘आज इथे मुलांना खेळू देऊ नका’ एवढं बास. ब्लू फ्लॅग म्हणून जो मान बीचला मिळतो, १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला, त्यातही पाण्याच्या रिझल्टची माहिती बीचवर लावणं ही अट आहे. दुकानदार घाबरतात की बोर्ड लावला तर गिऱ्हाईक जाईल, ती भीती खरी आहे, त्यांचं पोट त्यावर आहे, म्हणून बोर्ड लावायच्या आधी त्यांच्याशी बसून बोला आणि पाणी चांगलं असेल त्या दिवशीही तितकाच मोठा हिरवा बोर्ड लावा.

वर चढत जाणं

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सगळ्यात कमी लोक करतात. वाईट आकडा येणाऱ्या ओहोळावर कोरड्या दिवशी सकाळी लवकर जा आणि तोंडापासून वर चढत, जिथे जिथे दुसरी लाइन येऊन मिळते तिथे दोन्ही फाट्यांतून एकेक बाटली घ्या. ज्या फाट्यात आकडा मोठा तिकडे पुढच्या वेळी वर जायचं, दुसरा सोडून द्यायचा. तीनचार फेऱ्यांत तुम्ही एका गल्लीपर्यंत किंवा एका इमारतीपर्यंत येता. चेंबरची झाकणं स्वतः उघडू नका आणि आत तर मुळीच उतरू नका, विषारी वायूने माणसं मरतात, ते काम ड्रेनेज खात्याच्या लोकांना सोबत घेऊन त्यांच्या साधनांनीच करायचं.

लॅबचा खर्च वाचवायला दोन युक्त्या. कपडे धुवायच्या पावडरीत पांढरेपणा आणणारे चमक-रंग असतात, ते अतिनील उजेडात निळे चमकतात. ब्लीच न केलेल्या कापसाची छोटी चकती जाळीत बांधून नाल्यात काही दिवस सोडा, मग अंधारात अतिनील टॉर्चखाली बघा, चमकली तर त्या पाण्यात कुणाच्या तरी घरचं धुण्याचं पाणी आहे, आणि जिथे धुण्याचं पाणी चुकीच्या लाइनमध्ये गेलंय तिथे संडासाचंही गेलेलं असण्याची शक्यता दांडगी. कापूस आधी कोरा असताना टॉर्चखाली बघून घ्या, काही कापूस मुळातच चमकतो. दुसरी म्हणजे रंग सोडणं: संशयी संडासात माग काढायचा बिनविषारी रंग टाकून फ्लश करायचं आणि एकाने नाल्याच्या तोंडाशी थांबायचं. हे घरमालकाची, स्थानिक संस्थेची आणि बीचवरच्या लाइफगार्डची परवानगी घेऊनच करा, समुद्र अचानक हिरवा झाला की लोक घाबरून पळतात.

मैला माणसाचा की कुत्र्यांचा, पक्ष्यांचा, हा वाद दरवेळी निघतो. तेव्हा माणसाच्या आतड्यातल्या बॅक्टेरियाची डीएनए खूण, एचएफ१८३ नावाची, तपासून घ्या. प्रत्येक सॅम्पलला नको, महाग आहे, पण शेवटच्या दोन जागी केली की वाद मिटतो.

आणि सापडलं की थेट आरडाओरडा करू नका. आम्हाला सापडलेल्या घरातल्या लोकांना माहीतच नव्हतं की त्यांची लाइन पावसाळी नाल्याला जोडलीय, बांधणाऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी जवळ दिसला तो पाइप जोडून दिला होता. त्यांनी स्वतःच पुढाकार घेऊन बदलली. जिथे जाणूनबुजून सोडतात तिथे मात्र तारखा, फोटो, आकडे सगळं लेखी घेऊन अधिकाऱ्यांकडे जायचं आणि पोच घ्यायची. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट २६ एप्रिल २०१८ पासून सरकारने सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं होतं कारण हॉटेलांचं आणि घरांचं सांडपाणी सरळ समुद्रात जात होतं, इतकी वेळ येऊ द्यायची का हे दुकानदारांनाच विचारा, ते तुमच्या बाजूने येतात.

संडास, टाक्या आणि पाणी

बीचवर येणाऱ्या माणसाला जवळ संडास दिसला नाही तर तो झाडीत किंवा पाण्यात जाणार, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. म्हणून आधी मोजा. सुट्टीच्या दिवशी दर तासाला बीचवर माणसं किती ते मोजा आणि सगळ्यात गर्दीच्या तासासाठी संडास बांधा, सरासरी दिवसासाठी नाही. बायकांसाठी पुरुषांच्या दुप्पट जागा धरा. चालत दोनतीन मिनिटांत पोचता आलं पाहिजे आणि वाळूतूनच दिसणारी पाटी हवी. दाराला आतून कडी, कपडे टांगायला खुंटी, रात्री दिवा, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा, व्हीलचेअर जाईल असा एक तरी रुंद दरवाजा. हे नसेल तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि थांबून राहतात, त्यात त्यांच्या तब्येतीची वाट लागते. बाळांचे लंगोट (डायपर) बदलायला ओटा आणि शेजारी डबा पाण्यापासून लांब ठेवा, आणि पोहायच्या लंगोटाने जंतू पाण्यात जायचे थांबत नाहीत हे आईबापांना पाटीवर सांगा.

खरी गोम टाकीत आहे. वाळूत भूजल अगदी वर असतं आणि वाळू पाणी भराभर पुढे सोडते, त्यामुळे बीचजवळ शोषखड्डा केला तर मैल्याचं पाणी जमिनीखालून थोड्या दिवसांत समुद्रातच पोचतं, वरून सगळं चकाचक. ड्रेनेजची लाइन नसेल तर चहूबाजूंनी बंद, न झिरपणारी टाकी करा आणि ती उपसायची गाडी ठरवा. हिशोब असा: एका वापराला फ्लश आणि धुणं मिळून साधारण ८ लिटर धरा, ५००० लिटरची टाकी ६२५ वापरांत भरते. सुट्टीच्या दिवशी ४०० वापर होत असतील तर दीड दिवस. शनिवारी सकाळी रिकामी केलेली टाकीसुद्धा रविवारी दुपारपर्यंत भरणार, आधीच अर्धी असेल तर त्याच्याही आधी वाहणार. तीन चतुर्थांश भरल्यावर वाजणारी घंटा बसवा. गाडीवाल्याकडून मैला कुठे ओतला त्याची पावती घ्या, प्रत्येक खेपेची, कारण तोच मैला रात्री पुढच्या खाडीत ओतला गेला तर तुम्ही फक्त जागा बदललीत. खारं पाणी धुवायच्या शॉवरची लाइन त्या टाकीत जोडू नका, ती एका दिवसात भरेल, वेगळी काढा आणि तिथे साबण वापरू नका अशी पाटी लावा.

बांधून कुलूप घातलेले संडास मी इतके पाहिलेत. त्यामुळे बांधायच्या पैशाआधी चालवायचा पैसा ठरवा: पगारी माणूस, हातमोजे, गमबूट, पाणी, साबण, दुरुस्तीचं सामान. गर्दीत तासाला एकदा साफ झालं पाहिजे आणि दारामागच्या कागदावर वेळ आणि सही. जो माणूस हे साफ करतो त्याला नीट पगार आणि बसायला सावली द्या, बीच खरं तर त्याच्यावर चाललेला असतो.

जेवणाच्या जागांना तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप लागतोच, नाहीतर तेल थंड होऊन ड्रेनेज तुंबतं आणि तुंबलेलं पाणी सगळ्यात सखल चेंबरमधून बाहेर येतं, आणि सगळ्यात सखल चेंबर बीचच्या बाजूलाच असतो. ट्रॅप बसवला पण साफ केला नाही तर नसल्यासारखाच.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. डबे झाकणाचे, भरतीच्या रेषेच्या वर, वाळूतून बाहेर पडायच्या वाटांवर, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत रिकामे, रात्रभर भरलेला डबा कुत्री-पक्षी उपसतात आणि त्यांची विष्ठाही तुमच्या आकड्यात येते. वाहून आलेलं समुद्री शेवाळ हा कचरा नाही, ते यंत्राने खरवडून काढू नका, त्यात छोटे जीव राहतात आणि ते वाळू धरून ठेवतं, फक्त त्यातलं प्लास्टिक हाताने वेचा. सफाई करताना ठरावीक १०० मीटरच्या पट्ट्यात काय काय सापडलं ते प्रकाराप्रमाणे मोजून लिहा, म्हणजे ग्लास जास्त की बाटल्या की सिगारेटची थोटकं ते कळतं आणि मग कुणाशी बोलायचं तेही.

दुरुस्ती झाली की लगेच आनंद साजरा करू नका. त्याच जागी, त्याच वेळी, त्याच ओहोटीला अजून किमान सहा आठवडे सॅम्पल घ्या, आणि एकदा पाऊस झाल्यावर पण. आमच्या ओहोळाच्या तोंडाशी पहिल्या चार आठवड्यांत आकडा फारसा उतरलाच नाही, आम्ही हताश झालो होतो, मग कळलं की वरच्या बाजूला अजून एक जोडणी आहे. ती काढल्यावर एका कोरड्या सकाळी गेलो तर पाइपाच्या तोंडाशी वाळू कोरडी होती. बाटली भरायला पाणीच नव्हतं. वहीत त्या रकान्यात आम्ही ‘वाहत नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या जागेवर गेलो.